मदत हवी आहे : पुणे ग्रँड टूर वडिलांना कोणत्या दिवशी आणि कुठून दाखवावी?

घाईतला_माणूस
नमस्कार. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यात होणाऱ्या बजाज पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसंबंधी तातडीने सल्ला हवा आहे. माझे वडील तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरलेले असून, या नव्या शर्यतीची घोषणा झाल्यापासून आमच्या घरी दुसरा विषय निघत नाही. मला कार्यालयातून एकच दिवस रजा मिळणार आहे आणि ती उद्या दुपारपर्यंत कळवायची आहे. कोणता दिवस घ्यावा आणि कुठे उभे राहावे, एवढेच सांगावे. अधिकृत पत्रक माझ्याकडे आहे, त्यामुळे तारखा आणि मार्ग पुन्हा लिहून पाठवू नयेत.

चढणप्रेमी
यात विचारण्यासारखे काय आहे? सायकल शर्यत पाहायची तर चढावर पाहावी. सपाट रस्त्यावर शंभराहून अधिक स्वारांचा जथा ताशी पंचेचाळीस किलोमीटरने निघून जातो आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. चढावर वेग निम्म्यावर येतो, जथा फुटतो, कोण दमला आहे आणि कोण दमल्याचे नाटक करतो आहे ते चेहऱ्यावर दिसते. पत्रकातील उंचीचा आलेख पाहून २० किंवा २१ तारखेच्या टप्प्यातील एखादी चढण निवडावी आणि सकाळी लवकर जाऊन जागा धरावी.

कोथरूडची_कविता
वडिलांचे वय काय आहे? त्यांना किती वेळ उभे राहता येते? आपण राहता कुठे? हे कळल्याशिवाय कोणी काय सुचवणार?

घाईतला_माणूस
वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे. प्रकृती उत्तम आहे. चढणीचा सल्ला त्यांनाही पटला आहे, कारण बोरघाटात ‘घाटाचा राजा’ हा किताब कोणाला मिळाला हे ते आजही वर्षागणिक सांगू शकतात. मग २० तारीख नक्की करू का?

शंकेखोर
थोडे विषयांतर होईल, पण टूर द फ्रान्स जिंकणारा स्लोव्हेनियाचा पोगाचार या शर्यतीला येणार आहे का? तो येणार असेल तर मीही रजा टाकतो.

गणिती
येणार नाही. त्याचा संघ तर येऊ शकतही नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वर्गवारीत ही २.२ दर्जाची शर्यत आहे. पहिला आकडा अनेक दिवसांच्या शर्यतीचा आणि दुसरा तिच्या पातळीचा. सर्वोच्च श्रेणीच्या वर्ल्ड टीम या दर्जाच्या शर्यतीत उतरू शकत नाहीत. इथे प्रामुख्याने कॉन्टिनेंटल, म्हणजे खालच्या श्रेणीचे व्यावसायिक संघ आणि देशांचे राष्ट्रीय संघ असतील. त्यामुळे शर्यत सोपी होईल असे मात्र कोणी समजू नये. या दर्जाच्या शर्यतीत एकंदर विजेत्याला ४० आणि टप्प्याच्या विजेत्याला ७ क्रमवारी गुण मिळतात, आणि लहान संघांतील स्वारांसाठी तेच पुढच्या वर्षीच्या कराराचे भांडवल असते. असे स्वार हात राखून चालवत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चढणप्रेमी यांच्याशी मी सहमत नाही. प्रश्नकर्त्यांचे वडील एकदिवसीय शर्यतीचे स्वार आहेत. मुंबईहून निघून पुण्यात जो प्रथम पोहोचला तो जिंकला, हा तिथला हिशेब. टप्प्यांच्या शर्यतीत सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. एकही टप्पा न जिंकता मनुष्य संपूर्ण शर्यत जिंकू शकतो. ही बेरीज जिथून सुरू होते तो सोमवार, १९ तारखेचा प्रोलॉग पाहावा. एकेक स्वार स्वतंत्रपणे घड्याळाविरुद्ध धावतो, साधारणपणे एकेका मिनिटाच्या अंतराने सोडला जातो, आणि त्यामुळे एकाच जागी बसून दोन-तीन तास प्रत्येक स्वार समोरून जाताना दिसतो. अंतर साडेसात किलोमीटर आहे, कारण प्रोलॉग आठ किलोमीटरपेक्षा कमी असावा असा नियमच आहे.

चढणप्रेमी
साडेसात किलोमीटरमध्ये कोण किती सेकंदांनी पुढे राहिला हे घरी बसून वाचता येते. त्यासाठी एकुलती एक रजा खर्च करायला सांगणे हा अन्याय आहे.

गणिती
या पातळीवर अनेक शर्यती मोजक्या सेकंदांनी ठरतात. टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना दहा, सहा आणि चार सेकंदांची सूट मिळते तेव्हा पहिल्या दिवशी गमावलेले पाच सेकंद किती महाग असतात, हे पुढच्या चार दिवसांत कळते. चढणीवरील चेहरे पाहून मनोरंजन होईल. शर्यत कळणार नाही.

अ‍ॅडलेडकर
मी मूळचा साताऱ्याचा असून बरीच वर्षे अ‍ॅडलेडमध्ये राहतो. आमच्याकडची टूर डाउन अंडर ही टप्प्यांची सायकल शर्यत १९९९ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी स्थानिक स्टुअर्ट ओग्रेडी जिंकला आणि गाव वेडे झाले. २००८ पासून ती सर्वोच्च श्रेणीत गेली. म्हणजे अशा शर्यतीला मोठे होण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे लागतात. पुण्याबाबत पहिल्याच वर्षी निकाल देण्याची घाई करू नये. यंदा दोन्ही शर्यती एकाच आठवड्यात आहेत, त्यामुळे मला मनाने पुण्यात आणि देहाने इथे राहावे लागणार आहे.

अनुभवाचा मुद्दा सांगतो. आमच्या शर्यतीत विलुंगाच्या टेकडीवर बहुतेक वेळा स्वार दोनदा चढतात, म्हणून लोक तिथे गर्दी करतात. पहिल्या खेपेला कोण पुढे आहे ते पाहायचे आणि दुसऱ्या खेपेला त्याचे काय झाले ते पाहायचे. आपल्या पत्रकात एकाच रस्त्यावरून मार्ग दोनदा जातो असे ठिकाण शोधावे. चढ असो वा नसो, तेच उत्तम.

सडक_सुंदरी
एक वेगळा प्रश्न. माझ्या बारा वर्षांच्या मुलालाही या निमित्ताने गिअरची सायकल घ्यावी असे वाटते आहे. वीस हजारांत कोणती चांगली मिळेल?

जुना_स्वार
त्यासाठी वेगळा धागा काढावा. तरीही सांगतो : गिअरच्या संख्येकडे पाहू नये, सायकलच्या मापाकडे पाहावे. बारा वर्षांचा मुलगा झपाट्याने वाढतो म्हणून दोन मापे मोठी सायकल घेणारे पालक मुलाची सायकल सोडवतात.

आता प्रश्नकर्त्यांना. मी स्वतः जुन्या पोलादी सायकलींवर शर्यती केल्या आहेत. तुमच्या वडिलांना शर्यतीइतकीच यंत्राची आणि व्यवस्थेची उत्सुकता असणार, हे मी खात्रीने सांगतो. आमच्या काळी गिअर बदलण्यासाठी हँडलवरचा हात काढून खालच्या नळीवरील कांडी ओढावी लागे आणि पंक्चर झाले तर पाठीला बांधलेली जादा ट्यूब हाच आधार असे. आता संघाची मोटार मागे असते, मेकॅनिक काही सेकंदांत चाक बदलतो. सायकल हलकी करण्याची चढाओढ इतकी वाढली की ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालवू नये असा नियम करावा लागला. हे जवळून पाहायचे असेल तर कोणत्याही टप्प्याच्या आरंभस्थानी जावे. स्वार सही करायला येतात, मेकॅनिक टायरमधील हवा तपासतात, चाके रांगेत मांडलेली असतात. तिथे तासभर घालवणे हे रस्त्याच्या कडेला वीस सेकंद मिळवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

साखरपट्टा
२२ तारखेचा, गुरुवारचा टप्पा पुरंदरहून बारामतीकडे येतो. आमच्या भागातील लोकांचा विचार कोणीच करत नाही म्हणून लिहितो. जानेवारी म्हणजे ऊस गाळपाचा भर. कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र चालू असतात. शर्यतीसाठी त्यांना थांबवले जाईल हे ठीक. पण रस्ता खुला झाल्यावर सगळे एकदम निघतील. मोटारीने येणाऱ्याने परतीच्या वेळी शर्यतीपेक्षा जास्त वेळ उसाच्या मागे घालवण्याची तयारी ठेवावी.

शंकेखोर
रस्त्यांचाच विषय निघाला म्हणून विचारतो. ४३७ किलोमीटरच्या मार्गावर डांबर पडत आहे आणि १५ तारखेला महापालिकेचे मतदानही आहे. नेमके कोणासाठी रस्ते होत आहेत?

कोथरूडची_कविता
सायकलसाठी झाले तरी त्यावरून आपणच जाणार आहोत. हे डांबर पहिल्या पावसानंतर टिकते का, हा प्रश्न जूनमध्ये विचारू.

धागासंचालक
महापालिका निवडणुकीवरील चर्चा तिच्या धाग्यात करावी. इथे प्रश्न एका वृद्ध स्वाराला शर्यत दाखवण्याचा आहे.

कोथरूडची_कविता
आणि त्या प्रश्नात आपण राहता कुठे, हे प्रश्नकर्त्यांनी अजून सांगितलेले नाही. तिसऱ्यांदा विचारावे लागू नये.

घाईतला_माणूस
सासवडला. त्याने काय फरक पडतो? आमच्याकडे मोटार आहे, पुण्याला कधीही जाता येते.

साखरपट्टा
सासवड पुरंदर तालुक्यात आहे! गुरुवारचा टप्पा आपल्याच तालुक्यातून सुटणार आहे. आपण मुळशीच्या चढणी शोधत बसला आहात आणि शर्यत तुमच्या दारात येते आहे.

जुना_स्वार
मग वाद संपला. २२ तारीख घ्यावी, वडिलांना आरंभस्थानी न्यावे, सायकली, संघ, मोटारी सगळे शांतपणे दाखवावे. आरंभ पाहून दुपारी घरी जेवायला परतता येईल.

चढणप्रेमी
आरंभ म्हणजे शर्यत नव्हे. सुरुवातीचे अंतर तर स्पर्धेविनाच, संचालकाच्या मोटारीमागे शिस्तीत कापले जाते. खरा आरंभ पुढे निशाण खाली आल्यावर होतो. ज्यांनी घाटात घाम गाळला आहे त्यांना तुम्ही उद्घाटनाचा कार्यक्रम दाखवायला निघालात.

घाईतला_माणूस
वडिलांचे म्हणणे अगदी हेच आहे. शिवाय त्यांचे मत असे पडले की एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावणे ही शर्यत नव्हे. शेजारी दुसऱ्याचा श्वास ऐकू आला पाहिजे. म्हणजे प्रोलॉगही बाद. आणखी एक गोष्ट. त्यांना फार वेळ उभे राहता येत नाही, कारण मागील वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

कोथरूडची_कविता
“प्रकृती उत्तम आहे” असे आपण वर लिहिले होते.

घाईतला_माणूस
प्रकृती उत्तमच आहे. गुडघा वेगळा.

गणिती
गुडघ्याचे कळल्यावर चढणीचा पर्याय बाजूला ठेवावा लागेल. चढणीवर मोटार जवळ नेता येत नाही, रस्ता आधी बंद होतो, आणि किती चालावे लागेल ते त्या दिवशीच कळते. श्वासाच्या मुद्द्यावर मात्र वडिलांशी थोडे भांडायचे आहे. एकत्र धावताना पुढच्याच्या मागे राहिल्याने हवेचा विरोध खूपच कमी होतो. म्हणून जथ्यात कोण खरोखर बलवान आहे हे झाकले जाते. प्रोलॉगमध्ये कोणाच्या आडोशाला राहता येत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत कोणी मागे चिकटून आला आणि शेवटच्या शंभर मीटरवर पुढे निघाला, अशी एक तरी तक्रार त्यांच्या मनात असणारच. त्यांना विचारून पाहावे.

घाईतला_माणूस
विचारले. ती तक्रार त्यांनी नावानिशी आणि खोपोलीपासून सविस्तर सांगितली. इथे लिहिणे योग्य होणार नाही. त्यानंतर प्रोलॉगबद्दलचे त्यांचे मत बरेच मवाळ झाले आहे. माझी बहीण डेक्कनजवळच राहते, तिच्याकडे आदल्या दिवशी मुक्कामालाही जाता येईल.

जुना_स्वार
बहीण डेक्कनजवळ राहते हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर आम्ही सासवडला, मुळशीला आणि अ‍ॅडलेडला जाऊन आलो नसतो. प्रोलॉग फर्ग्युसन रस्त्याच्या परिसरातच आहे. रविवारी मुक्कामाला जावे, म्हणजे सोमवारी रस्ते बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. बंदच्या वेळा पोलिसांच्या सूचनेतूनच घ्याव्यात, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्हे. आणि गुरुवारी सासवडला सुटणाऱ्या टप्प्यासाठी रजेची गरजच काय? वडिलांना एखाद्या शेजाऱ्याबरोबर सकाळी पाठवता येईल.

अ‍ॅडलेडकर
प्रोलॉगला जागा निवडताना सरळ रस्त्यावर बसू नये. वळणाच्या थोडे आधी बसावे. कोण ब्रेक लवकर लावतो आणि कोण शेवटपर्यंत थांबतो, हे तिथे दिसते. जुन्या स्वाराला दोन तास पुरेल इतके बोलायला मिळेल. हातात स्वारांच्या क्रमांकांची यादी आणि पेन्सिल असावी.

सडक_सुंदरी
वळणाजवळ लहान मुलांना न्यावे का? आम्हीही येण्याचा विचार करतो आहोत. माप कसे घ्यायचे तेही सांगावे.

जुना_स्वार
कठड्याच्या मागे राहणार असाल तर अवश्य न्यावे. मापासाठी नवा धागा काढावा, तिथे लिहितो.

घाईतला_माणूस
१९ तारखेची रजा कळवली. गुरुवारी सकाळी वडील शेजाऱ्यांबरोबर जाणार आहेत. आता एकच शंका आहे : पदपथावर घडीची खुर्ची नेऊ देतात का?

गणिती
रुग्णवाहिकेचा किंवा बाहेर पडण्याचा मार्ग अडत नसेल तर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण तिथल्या स्वयंसेवकाला आधी विचारावे. खुर्ची पाठ असलेली घ्यावी, तीन तास बसायचे आहे.

चढणप्रेमी
पुढच्या वर्षी गुडघा बरा झाला की चढणीवर.