लिनक्स मिंट सुरू होताना दीड मिनिट अडकतं, सर्व्हिस बंद करूनही फरक नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांचा डेस्कटॉप आहे. दहा वर्षांचा, ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट २१ (विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टीम). बाबा सोसायटीचे सचिव आहेत, त्यामुळे मेंटेनन्सची बिलं आणि नोटिसा याच मशीनवर निघतात. दिवाळीत घरी गेलो तेव्हा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. दुकानदाराने जुनी सिस्टीम नव्या डिस्कवर उतरवून दिली. तेव्हापासून मिंटचा लोगो येतो आणि तिथेच थांबतो. बाबा बटण दाबून खुर्चीत वाट बघत बसतात, ते मला बघवत नाही.

एस्केप दाबलं की ‘ए स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ आणि पुढे डिस्क-बाय-यूयूआयडीचा (डिस्कच्या भागाची ओळख सांगणारा) लांबलचक आकडा दिसतो. शेजारचं घड्याळ १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत जातं, मग गाडी पुढे सरकते.

कोणत्या सर्व्हिसला (मागे चालणाऱ्या प्रोग्रामला) सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघायला ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ चालवलं. सगळ्यात वर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारं), ७ सेकंद. बाकी सगळं दोन-तीन सेकंदांच्या आत. बेरीज कशीही केली तरी दीड मिनिट होत नाही. तरी इंटरनेटवरची एक यादी बघून ब्लूटूथ, मोडेममॅनेजर (सिमकार्डच्या डोंगलसाठी), कप्स (छपाईसाठी), अवाही आणि ते वेट-ऑनलाइन डिसेबल केलं. रीस्टार्ट केल्यावर कप्स आणि अवाही पुन्हा चालूच! म्हणून अवाही मास्क केलं (म्हणजे पूर्ण कुलूपबंद), तर वायफाय प्रिंटरच यादीतून गेला. ५ तारखेच्या आत बिलं वाटायची असतात.

दोन प्रश्न आहेत. हे दीड मिनिट कुठे जातंय? आणि डिसेबल केलेली सर्व्हिस परत उठते कशी?

प्रतिसाद

आधी अवाही अनमास्क करा. वायफाय प्रिंटर नेटवर्कवर शोधायचं काम तेच करतं. डिसेबल म्हणजे बूटच्या यादीतून नाव काढणं, एवढंच. दुसऱ्या सर्व्हिसला गरज लागली की ती त्याला उठवते. तुमच्याकडे कप्स-ब्राउझ्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर यादीत आणणारी सर्व्हिस) चालू राहिलंय, ते कप्सला आणि अवाहीला दोघांनाही बोलावतं. मास्क केलं की युनिट (इथे ती सर्व्हिस) थेट डेव्ह-नलला, म्हणजे ‘काहीच नाही’ला जोडलं जातं, मग कोणीही हाक मारली तरी ते उठत नाही. ज्या मशीनवर छपाई होते तिथे या तिघांच्या वाटेला जाऊ नका. वेट-ऑनलाइन बंद राहिलं तरी चालेल, नेटवर्कवरचं फोल्डर बूटलाच जोडत नसाल तर.

दीड मिनिटाचा सर्व्हिसशी संबंध नाही. सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं आणि मग नाद सोडतं. ब्लेममध्ये सुरू होऊन पूर्ण झालेल्याच युनिटचा वेळ येतो, त्यामुळे ही वाट त्यात दिसत नाही. मला वाटतं दुकानात फक्त मुख्य पार्टिशन उतरवलं आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जुन्या डिस्कवरच राहिलं. ‘फ्री -एच’ मध्ये स्वॅप शून्य दिसतं का बघा. ‘सुडो बीएलकेआयडी’ ही कमांड सध्याच्या डिस्कचे यूयूआयडी दाखवते, ते आकडे ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलशी (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) ताडून पाहा. स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी कुठेच सापडला नाही तर त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा. त्याआधी फाइलची प्रत काढा आणि टाइमशिफ्टचा (मिंटमधलं बॅकअपचं साधन) स्नॅपशॉट घ्या, हे टाळू नका. एफएसटॅबमध्ये चूक झाली तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊ शकतं आणि ते बाबांना निस्तरता येणार नाही.

इनिटरॅमएफएस-टूल्सच्या (बूटच्या अगदी सुरुवातीला लागणारी फाइल बनवणारं साधन) कॉन्फ-डी फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल तर तिच्यातही जुना यूयूआयडी असू शकतो. तो काढून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ४ जीबी रॅमवर स्वॅप हवंच, २ जीबीची स्वॅपफाइल करून घ्या.

धागाकर्ता

अगदी तेच निघालं. स्वॅप शून्य होतं आणि त्या ओळीतला आकडा बीएलकेआयडीमध्ये कुठेच नव्हता. रिझ्यूम फाइलमध्येही तोच होता. आता एकूण वेळ ३४ सेकंद, आधी २ मिनिटं ९ सेकंद लागायचे. प्रिंटर परत आला, बाबांनी संध्याकाळी बिलं छापलीसुद्धा. मनापासून आभार.

एक राहिलं. ब्रॉडबँड बंद पडलं की बाबा सिमकार्डचा यूएसबी डोंगल लावतात. मग मोडेममॅनेजर परत चालू करू ना?

प्रतिसाद

हो, करा. बऱ्याच डोंगलना ते लागतं. एनेबल करून एकदा डोंगल लावून बघा, म्हणजे नेट गेल्यावर बाबा अडकणार नाहीत.