अभ्यासक्रमांची माहिती सर्व विद्यापीठांनी एकाच साच्यात द्यावी का?

वाटसरू :
चार विद्यापीठांतील एकाच विषयाचे अभ्यासक्रम पडताळायला बसले की संध्याकाळ शोधाशोधीतच सरते. एकाकडे प्रवेशाची पात्रता पीडीएफच्या पोटात दडलेली, दुसऱ्याकडे शुल्क भलत्याच विभागाच्या पानावर, तर तिसऱ्याकडे गेल्या वर्षीची मुदत अजून झळकत असते. माझे मत असे की प्रत्येक विद्यापीठाने ही माहिती एकदाच, ठरलेल्या साच्यात, संगणकाला वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावी आणि सर्व शोधयंत्रांनी ती तिथूनच उचलावी. ही कल्पना हवेतली नाही. ब्रिटनमध्ये एक्ससीआरआय-कॅप हा साचा याच कामासाठी घडवला गेला आणि २०१२ साली त्याला ब्रिटिश मानकाचे रूप मिळाले.

चौकस :
असहमत. चौकटी आखल्या की चौकटीत मावते तेवढेच उरते. श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अभ्यासाच्या कामाचे माप. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ वर्ष ६० श्रेयांकांचे असते, इंग्लंडमध्ये १२० चे. शोधताना '२० श्रेयांक' असे टाकले तर दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी येतील; मात्र युरोपीय अभ्यासक्रम वर्षभराच्या कामाचा तिसरा हिस्सा असेल आणि इंग्लंडमधला सहावा. विस्कळीत पाने निदान विद्यार्थ्याला वाचायला तरी लावतात.

वाटसरू :
हा आक्षेप साच्यावर नसून अपुऱ्या साच्यावर आहे. आकड्याशेजारी श्रेयांक पद्धतीचे नाव नोंदवणे सक्तीचे केले की हा घोळ मिटतो. आणि वाचायला लावतात म्हणाल, तर कंटाळलेला विद्यार्थी वाचत नाही. ओळखीच्या नावाच्या विद्यापीठात अर्ज करून मोकळा होतो.

टिपणकार :
मी हे तक्ते भरण्याचे काम काही वर्षे केले आहे, म्हणून थोडे आतले सांगतो. एक्ससीआरआय-कॅपमध्ये अभ्यासक्रम आणि त्याची प्रत्यक्ष तुकडी यांची नोंद वेगळी असते : 'संख्याशास्त्राची ओळख' हा अभ्यासक्रम, तर त्याची सप्टेंबरची सायंकालीन तुकडी ही निराळी नोंद. हे शहाणपणाचेच आहे. आमच्याकडे मात्र एका विभागाने तुकडी जानेवारीवर ढकलली, स्वतःचे पान बदलले आणि बाहेर जाणारी नोंद जुन्या तक्त्यावरूनच जात राहिली. सारे रकाने नियमानुसार भरलेले असल्यामुळे ती चूक कोणालाही चूक वाटली नाही. दूरध्वनी घेता घेता आमचा जीव मेटाकुटीला आला! तेव्हा साचा कोणता याआधी, नोंद बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे.

चौकस :
माझी भीती नेमकी हीच होती. जुनी माहिती नीटनेटक्या रूपात आली की ती खरी वाटते. तारखा, शुल्क, ठिकाण यांपुरता साचा मला मान्य आहे, पण तोही प्रत्येक नोंदीवर शेवटच्या दुरुस्तीचा दिनांक ठळक दिसत असेल तरच. 'गणिताची बऱ्यापैकी तयारी हवी' हे वाक्य मात्र प्राध्यापकाच्या शब्दांतच राहू द्यावे, त्याचे 'गणित : होय' करू नये.

वाटसरू :
दिनांकाची अट मान्य. ते वाक्यही जसेच्या तसे राहो. पण 'गणित' शोधणाऱ्याला ते सापडावे, एवढी खूण त्यावर हवीच.