बाळंतपणाची रजा संपत आली, पाळणाघराचं काय करू? (नागपूर: मिहान / मनीषनगर)

मनीषनगरची आई
मिहानमधल्या एका खासगी कंपनीत आहे. 26 आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपते. रजेबद्दल तक्रार नाही, पगार पूर्ण मिळाला. खरा घोर आता लागून राहिला आहे. सकाळी आठला कॅब, घरी यायला सात. सासूबाई वर्ध्याला, सासऱ्यांच्या डायलिसिसमध्ये अडकलेल्या. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. जवळचं पाळणाघर दीड वर्षाखालचं बाळ घेत नाही; दुसरं घेतं, पण सहाला कुलूप.

ऑफिसात आम्ही दोनशेवर माणसं, पाळणाघर नाही. एचआर म्हणते, "मागणीच नाही मॅडम." अगं, मागणी करणाऱ्या राजीनामा देऊन गेल्या नं!

नवराही खासगीत. मुलगी झाली तेव्हा त्याने उरलेल्या सीएल टाकल्या, तेवढंच. आता जो तो मलाच विचारून राहिला, "मग तू काय ठरवलं?" त्याला एकानंही विचारलं नाही. कंपनीकडे नेमकं काय मागू?

बुटीबोरी एचआर
ताई, मागणी असो-नसो, 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावीच लागते. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत हे आलं, सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. संहितेप्रमाणे दोन-चार कंपन्या मिळूनही ते चालवू शकतात, म्हणजे "जागा नाही" हे कारण टिकत नाही. तिथे बाळाला दिवसातून चारदा भेटता येतं. शिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन वेगळ्या सुट्ट्या. घरून काम मात्र कंपनी राजी असेल तरच. सगळं मेलवर मागा, तोंडी नको.

आता टेबलाच्या या बाजूचं सांगतो. रजेचा पगार मालकच भरतो. ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) भरते, पण तिची मर्यादा महिना 21 हजार पगाराची. म्हणून तर मुलाखतीत पोरींना "लग्न कधी झालं?" विचारतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 चा करार म्हणतो, हा खर्च एकट्या मालकावर नको, विम्यातून किंवा सरकारी पैशातून व्हावा. आपण तो करार स्वीकारलेलाच नाही.

सिव्हिल लाइन्सचा बाबा
मी केंद्र सरकारी नोकरीत, मला 15 दिवस पितृत्व रजा मिळाली. माझ्या सहकारी बाईंना मूल 18 वर्षांचं होईपर्यंत 730 दिवस बालसंगोपन रजा. बायको राज्य सरकारात, तिला 180. केंद्रात पुरुषाला ही रजा केव्हा? तर तो एकटा पालक असेल तेव्हा. म्हणजे घरात बायको आहे तोवर पोरगं तिचंच, हे सरकारनंच ठरवून टाकलं. खासगीतल्या बापाला तर कायद्यात 15 दिवसही नाहीत. ताईच्या नवऱ्याला कोणी का विचारत नाही, त्याचं उत्तर इथंच आहे.

महालची मावशी
रजा एकदाच संपते गं, शाळेच्या सुट्ट्या नाही संपत. तान्ह्या पोळ्याला शाळा बंद, ऑफिस चालू. मे महिन्यात 45 डिग्रीत पोरगं दुपारी कुठं नेणार? पाळणाघरात कूलर आहे का, लाइट गेली तर काय करतात, आधी पाहून ये. आणि नवऱ्यालाही त्याच्या ऑफिसात उशिरा जायची परवानगी मागू दे. नाही म्हणतील, पण मागू तर दे.

मनीषनगरची आई
मावशी, विचारलं त्याला. "साहेब हसतील" म्हणे. हसू दे, म्हटलं. सोमवारी अर्ज देतो म्हणाला.

दादा, चार भेटी आणि दोन सुट्ट्यांचं माहीतच नव्हतं. मेल लिहून राहिली आहे. एकटीचं नाव गेलं तर पुन्हा "मागणी नाही" ऐकावं लागेल, म्हणून आमच्या मजल्यावरच्या दोघींना विचारलं. एक तयार आहे, दुसरी प्रमोशन होईपर्यंत थांब म्हणते. मिहानमध्ये कोणाच्या कंपनीत पाळणाघर चालू असेल तर सांगा, दुसऱ्या कंपनीची मुलं घेतात का?