जॅक्सन-व्हॅनिक : ज्यूंना बाहेर काढणारा कायदा की अडकवणारा?

आडवाटसरू :
१९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या उच्चशिक्षितांकडून ‘शिक्षणाचा खर्च’ म्हणून जबर कर उकळायला सुरुवात केली. फटका मुख्यतः इस्रायलला निघालेल्या ज्यूंना. यावर अमेरिकेचे सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम घातलं : जो कम्युनिस्ट देश आपल्या लोकांना बाहेर जाऊ देत नाही, त्याला ‘एमएफएन’ दर्जा (म्हणजे इतर देशांइतकंच कमी आयातशुल्क) नाही आणि सरकारी कर्जही नाही.
माझ्या मते हे अंगाशी आलं. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले, १९७५ मध्ये जेमतेम १३ हजार. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर मॉस्कोशी बोलून गुपचूप काम करून घेत होते. जॅक्सन यांनी व्हाइट हाउसमध्येच पत्रकारांना बोलावून वर्षाला ६० हजार जणांना सोडण्याचा आकडा जाहीर केला. यांना १९७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक दिसत होती! आठवड्याभरात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिकोंचं निषेधाचं पत्र हजर.

खडीसाखर :
साफ असहमत. कायद्यावर सही झाली ३ जानेवारी १९७५ ला. आकडा तर १९७४ मध्येच २० हजारांवर घसरला होता. आणि सरकारविरोधी सोव्हिएत शास्त्रज्ञ साखारोव्ह? मॉस्कोत राहून, सगळं पणाला लावून त्यांनी १९७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसला या दुरुस्तीच्या बाजूने खुलं पत्र लिहिलं. त्यांना परिणाम कळत नव्हते का?

आडवाटसरू :
१९७४ मध्ये वर्षभर त्या कलमावरच घासाघीस चालू होती. मॉस्को काय सहीची वाट बघत बसणार?

जमाखर्च :
दोघेही सिनेटर स्टीव्हन्सनना विसरताय. खरा घाव त्यांच्या दुरुस्तीचा. एक्झिम बँकेचं (निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या अमेरिकी सरकारी बँकेचं) सोव्हिएतांना कर्ज चार वर्षांत ३० कोटी डॉलर, बस्स. सोव्हिएतांना सायबेरियातल्या गॅससाठी अब्जावधी हवे होते. एवढ्याशा रकमेसाठी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह जगासमोर मान तुकवतील? जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी अमेरिकेशी झालेला व्यापार करारच धुडकावला, पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मदतीच्या थकबाकीचे हप्तेही थांबवले.

खडीसाखर :
मग दोष स्टीव्हन्सनचा, जॅक्सनचा नव्हे. रुमानियाने १९७५ मध्ये आणि हंगेरीने १९७८ मध्ये याच कायद्याखाली सवलत घेतलीच ना? आणि १९७९ मध्ये, कायदा जसाच्या तसा असताना, ५१ हजार ज्यू सोव्हिएत देशातून निघाले.

आडवाटसरू :
तेव्हा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा साल्ट करार अमेरिकेकडून मंजूर करून घ्यायचा होता, म्हणून. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि १९८६ पर्यंत आकडा हजाराच्याही खाली. म्हणजे दार उघडबंद होत होतं ते दुसऱ्याच हिशोबाने. आणि सोव्हिएत संघ बुडाला तरी रशियावरचं कलम हटायला डिसेंबर २०१२ उजाडला. तोवर ते कोणाच्या सुटकेसाठी ठेवलं होतं, तेवढं सांगा.