एट्रियल फिब्रिलेशन आणि लांब पल्ल्याचे धावणे: बीटा ब्लॉकर चालू असताना जोर कशावरून ठरवावा?

मी पन्नाशी ओलांडलेला, अर्धमॅरेथॉन आणि अधूनमधून पूर्ण मॅरेथॉन धावणारा हौशी धावपटू आहे. गेल्या वर्षी मला एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची (अलिंदांची) लय बिघडण्याच्या विकाराचे, निदान झाले. ते कायम नसते. मधूनच येते, काही तास टिकते आणि आपोआप जाते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा आणि हृदयाचे आकुंचन व्यवस्थित आहे, डावे अलिंद तेवढे किंचित मोठे आहे. थायरॉइडची तपासणी सामान्य आली. हृदयरोगतज्ज्ञांनी बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरचा लहान डोस सुरू केला असून धावण्यास हरकत घेतलेली नाही, फक्त जोर कमी ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा धावावे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटला आहे; जोर किती आहे हे धावताना ओळखायचे कसे, याबद्दल मला मदत हवी आहे.

आजवर माझा सगळा सराव नाडीच्या ठोक्यांवर बेतलेला होता. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचे सूत्र ढोबळ आहे हे ठाऊक असूनही त्यावरून आखलेले टप्पे मला सोयीचे वाटत. बीटा ब्लॉकर हृदयावरील ॲड्रेनलिनचा परिणाम रोखतो, त्यामुळे ज्या चढावर पूर्वी ठोके १५० च्या पुढे जात, तिथे आता ते १३० च्या आसपास अडतात आणि धाप मात्र पूर्वीइतकीच लागते. म्हणून बोर्ग यांची ६ ते २० ही श्रममापनाची पट्टी वापरू लागलो. तिच्या आकड्याला दहाने गुणल्यास ठोक्यांचा अंदाज यावा अशी तिची मूळ रचना आहे. औषधामुळे तो मेळ राहत नाही, तरी श्रमाची जाणीव नोंदवण्यास ती पुरेशी आहे, असे माझे मत झाले आहे. बहुतेक वेळा मी १२ ते १३ वर, म्हणजे सलग वाक्य बोलता येईल इतपत, धावतो.

खरी अडचण लांब अंतराच्या उत्तरार्धात येते. ऊन आणि पाण्याची कमतरता यांमुळे त्याच वेगाला श्रम वाढतात, हे कोणाही धावपटूच्या बाबतीत होते. फिब्रिलेशन सुरू झाले तरी जवळपास तसेच वाटते, कारण अलिंदे नुसती थरथरू लागल्यावर निलय (हृदयाचे खालचे कप्पे) भरण्यातला त्यांचा सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा होतो आणि दम तोकडा पडतो. मनगटावरचे घड्याळ अशा वेळी फारसे कामाचे नाही. त्याचा प्रकाशावर चालणारा सेन्सर कधी कधी पावलांची लयच मोजतो आणि १७० हा आकडा हृदयाचा की पायांचा, हे कळत नाही. छातीचा पट्टा बरा, पण तोही कोरडा असताना सुरुवातीला वाटेल ते आकडे दाखवतो. आपल्यापैकी कोणी निव्वळ थकवा आणि बिघडलेली लय यांतला फरक धावता धावता ओळखू शकते काय?

आणखी एक शंका आहे. स्वीडनमधील वासालोपेत या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीतील ५२ हजारांहून अधिक सहभागींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी अधिक शर्यती पूर्ण केल्या, त्यांच्यात हृदयलयीचे विकार अधिक आढळले. हे वाचल्यापासून आठवड्याचे अंतर घटवावे, की अंतर तेच ठेवून केवळ वेगाचे सराव बंद करावेत, याचा निर्णय होत नाही. कोणी यांपैकी एक करून पाहिले असल्यास फिब्रिलेशनच्या झटक्यांवर झालेला परिणाम अवश्य लिहावा.

प्रतिसाद

मी मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकरच, घेऊन धावतो. आपण ट्रेडमिल चाचणी औषध नेहमीच्या वेळी घेऊन करावी, असे डॉक्टरांना सुचवून पाहा. औषधाखाली ठोके कुठवर जातात हे एकदा कळले की सूत्राची गरज उरत नाही. माझे टप्पे त्याच आकड्यावरून नव्याने आखले आहेत. धावण्याआधी डोस स्वतःहून टाळण्याचा मोह मात्र धरू नये, कारण हे औषध एकाएकी थांबवल्यास हृदय उलट अधिक उत्तेजित होऊ शकते.

फरक ओळखण्याबाबत माझा अनुभव असा, की थकवा हळूहळू चढतो आणि फिब्रिलेशन बहुधा एखाद्या क्षणी सुरू होते. शंका आली की मी थांबतो आणि मनगटावर बोट ठेवून नाडी पाहतो. ठोके जलद पण समान अंतराने पडत असतील तर श्रमाचा संशय घेतो; त्यांत कसलाच ताल नसेल तर धावणे तिथेच संपवून वेळ टिपून ठेवतो, कारण झटका किती वेळ चालला यावर पुढचे उपचार ठरतात. घड्याळात ईसीजीची सोय असल्यास स्थिर बसून तीस सेकंदांची नोंद घेता येते आणि ती डॉक्टरांना दाखवता येते. चक्कर, छातीत दाब किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास चालत परतण्याचाही प्रयत्न करू नये, तिथेच बसून मदत मागवावी.

अंतर कमी करण्याविषयी मी ठामपणे सांगू शकत नाही. मी वेगाचे सराव सोडले आणि झटके विरळ झाले, पण त्याच सुमारास मद्यही सोडले होते, तेव्हा श्रेय कशाला द्यावे? रक्त पातळ करणारे औषध आपल्याला दिले आहे काय, हे आपण लिहिलेले नाही. दिले असेल तर गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. रक्त पातळ करणारे औषध सध्या नाही. वय आणि इतर आजार पाहता आत्ता गरज नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. औषध घेऊन चाचणी करण्याचे पुढच्या भेटीत विचारतो. त्याच भेटीत झटका आल्यावरच घ्यायच्या फ्लेकेनाइड या लय सुधारणाऱ्या गोळीचा विषय निघणार आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२० च्या क्रीडाविषयक सूचनांनुसार अशी गोळी घेतल्यावर दोन दिवसांपर्यंत जोराचा व्यायाम टाळायचा असतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी झटका आला तर शर्यत सोडावी लागेल, हे मला मान्य आहे. पण ही पद्धत वापरणारे कोणी असल्यास त्यांनी दोन दिवसांनंतर धावणे पुन्हा कसे वाढवले, हे जाणून घ्यायला आवडेल.