पहिल्या चार्ल्सचं भांडण पैशाचं की धर्माचं?

खडूफळा: ‘चार्ल्सशी भांडण होतं ते करांचं, धर्म हा नुसता मुखवटा’ असं इंग्लंडच्या या राजाच्या पार्लमेंटशी झालेल्या झगड्याबद्दल कालच्या एका लेखात ठोकून दिलंय. अजिबात पटलं नाही. करांचं भांडण राजा 1638 सालीच जिंकला होता. जहाजपट्टीच्या, म्हणजे आरमारासाठी पार्लमेंटला न विचारता बसवलेल्या कराच्या, खटल्यात हॅम्पडेन हा जमीनदार वीस शिलिंगांसाठी लढला आणि बारापैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. 1629 पासून पार्लमेंट न बोलावता कारभार चालू होताच. घडी विस्कटली ती राजाने स्कॉटलंडवर लादलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकाने. 23 जुलै 1637 ला एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेतलं आणि दंगल उसळली. त्यातून स्कॉटलंडशी युद्ध, युद्धासाठी पैसा, पैशासाठी 1640 चं पार्लमेंट. हा क्रम आहे.

मोडीवाचक: जिंकला? राजाच्याच मर्जीतल्या न्यायाधीशांपैकी पाच जण विरोधात गेले! 1635 ला पट्टी किनारा सोडून आतल्या परगण्यांवरही लादली. सुमारे दोन लाख पौंडांची मागणी, जवळपास सगळी वसूल झाली. 1639 च्या मागणीतला जेमतेम पाचवा हिस्सा आला. थकबाकीला शेरीफ, म्हणजे परगण्यातला वसुली अधिकारी, स्वतः जबाबदार. जप्त केलेली गुरं लिलावात घ्यायला कोणी पुढे येईना. यात प्रार्थनापुस्तक कुठे आलं?

खडूफळा: 1639 मध्येच आलं. त्याच लोकांकडून त्याच वर्षी स्कॉटलंडच्या स्वारीसाठी सैनिकांच्या कपड्यांचा आणि प्रवासाचा खर्चही मागत होते.

घंटाघर: कठड्यांचं नावही कोणी काढत नाही, कमाल आहे! इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड याच्या काळात कम्युनियनचं (प्रभुभोजनाचं) टेबल चर्चच्या मधून उचलून पूर्वेच्या भिंतीला लावलं. 1636 चा नॉर्विचचे बिशप रेन यांचा हुकूम बघा: कठडा उत्तर भिंतीपासून दक्षिण भिंतीपर्यंत, उंची सुमारे एक यार्ड, खांब इतके दाट की कुत्रं आत शिरू नये. लोकांनी त्यापुढे गुडघे टेकायचे. प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, त्यात सरळ रोमची, कॅथलिकांची वेदी दिसली. गावातल्या माणसाला राजाचं धोरण दर रविवारी डोळ्यांसमोर दिसत होतं ते हे.

मोडीवाचक: आणि त्या कठड्याच्या सुताराला पैसे कोणी दिले? गावाने. चर्चचा कारभार बघणाऱ्या चर्चवॉर्डनने घरटी पट्टी बसवून. म्हणजे पुन्हा पैसाच.

घंटाघर: मग 1640 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडकडे निघालेल्या सैनिकांनी एसेक्समध्ये कठडे उपटून जाळले, ते का? त्यांच्या खिशातून तर एक पेनी गेली नव्हती.

मोडीवाचक: जबरदस्तीने भरती केलेले, पगार थकलेले सैनिक. हाताला लागेल ते जाळतील.

घंटाघर: हाताला लागेल ते नाही! सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावी डेव्हन परगण्याच्या सैनिकांनी आपलाच लेफ्टनंट एव्हर्स मारला. तो त्यांच्याबरोबर चर्चला येईना, म्हणून कॅथलिक असल्याचा संशय. पगारासाठी कोणी अधिकाऱ्याचा धर्म तपासत नाही. आणि सप्टेंबर 1641 मध्ये पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने कठडे काढायचा हुकूम काढला, तो काय सुतारकामाचे पैसे वाचवायला?

मोडीवाचक: कठड्यांपुरतं मान्य. तेवढ्यापुरतंच.

उत्तरवारा: तुमचं सगळं इंग्लंडभोवतीच फिरतंय. 1640 मध्ये उत्तर इंग्लंडातल्या न्यूबर्नच्या लढाईत स्कॉट जिंकले आणि रिपनच्या तहाने त्यांच्या फौजेला दिवसाला 850 पौंड द्यायचे ठरले. ते देता येईनात म्हणूनच नोव्हेंबर 1640 चं पार्लमेंट राजाला मोडता आलं नाही. आधीचं त्याने तीन आठवड्यांत घरी पाठवलं होतं.

मोडीवाचक: 850 पौंड. मी पहिल्यापासून पैसाच म्हणतोय.

खडूफळा: ती फौज इंग्लंडात कशासाठी शिरली होती, ते तरी सांगा.