गोसीखुर्दच्या पाण्यात पौषातली एक रात्र, डोंग्यानं एकट्यानं : काय काय सांभाळावं?

आंभोऱ्याचा भाचा

नमस्कार मंडळी. माझ्या आईचं माहेर वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तसं गाव उठलं. आई सत्तरीत आहे आणि अजूनही वाड्यामागच्या चिंचेबद्दल बोलते. येत्या पौषात आंभोऱ्याहून डोंगा टाकून त्या जागेपर्यंत एकट्यानं जायचं, काठावर रात्र काढायची, सकाळी परतायचं, असं फार दिवसांपासून मनात आहे. डोंगा मामेभावाचा, पत्र्याचा. वल्हं मारता येतं, पण गावच्या तलावातलं. एवढ्या मोठ्या पाण्यावर कधी गेलो नाही. त्यात पौषातली थंडी. तंबू न्यावा की काठावर शेकोटी पेटवून गोधडीतच झोपावं? पाणी सोबत न्यावं लागेल का?

पवनीचा ढिवर

भाऊ, आमचा बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. धरणाआधीची नदी अन् आताचं पाणी, दोन्ही पाहिले. नदीत माणूस धार पाहून चालते. इथं धार दिसत नाही, म्हणून पाणी गरीब वाटते. दुपारी वारा सुटला का उघड्यावर लाटा उठते. आडवी लाट बसली का डोंग्यात पाणी येते, अन् पत्र्याचा डोंगा भरला तं लाकडाच्यासारखा तरंगत नाही, तळालेच जाते. दोन्ही टोकाले रिकाम्या प्लास्टिक कॅन, झाकण घट्ट लावून, बांधून टाक. लाइफ जॅकेट आंगावर पाहिजे, डोंग्यात ठेवून उपयोग नाही.

धुकं उठल्याशिवाय निघू नोको. एकदा मी पहाटे जाळं उचलाले गेलो अन् सूर्य वर येईस्तोर एकाच वाळल्या झाडापाशी तीनदा आलो. काठ शंभर हातांवर होता, दिसला नाही. नऊनंतर निघ, दुपारचा वारा सुटायच्या आधी काठाले लाग.

बुडालेली झाडं लय वाईट. शेंडा मोडून गेला राहते अन् खोड पाण्याखाली वीतभर उभं. पत्रा फाडते. शेतांच्या जुन्या धुऱ्यांच्या अन् रस्त्यांच्या लाइनीत जास्त आहे. बांबू हातात ठेव, समोर टोचत जा. धरणाच्या भिंतीकडे, ३३ दरवाजांच्या बाजूले, बिलकुल उतरू नोको.

आणखी एक सांगतो, राग नोको मानू. पौषात पाणी भरून राहते, गाव दिसणार नाही. पण जागा सापडते. जाळं कुठं अडकते त्याच्यावरून आमचे म्हातारे सांगते, इथं विहिरीचं तोंड, इथं देवळाचा ओटा. जायच्या आधी त्यांच्यापाशी एक सांज बस.

ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर

दादा, थंडी हलकी समजू नका. इथं बर्फ पडत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्याच तापमानाच्या हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. ओल्या सुती कपड्यात वाऱ्यावर तासभर बसलेला माणूस ८-१० अंशांतसुद्धा गारठतो. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की बोटं बटण लावत नाहीत, जीभ जड होते, माणूस चुकीचे निर्णय घेतो. एकट्याच्या बाबतीत भीती तीच, कारण ‘तू बरळतोयस’ हे सांगायला शेजारी कोणी नसतं. कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, उलट आहे.

लोकरीचं स्वेटर, कानटोपी आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोरीनं बांधून. दारू नको, तिच्यानं गरम वाटतं पण अंगातली ऊब बाहेर जाते. आणि हात जोडून सांगते, तंबूत निखाऱ्याची शेगडी घेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. खाली भाताचं तणस जाड अंथरा, त्यावर ताडपत्री, मग गोधडी. थंडी जमिनीतून जास्त चढते.

उमरेडकर

पिण्याचं पाणी घरूनच न्या. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत येतं. उकळून जंतू मरतात, बाकीची घाण जात नाही. पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, वाघ आहेत. त्या बाजूला मुक्काम करू नका. पलीकडच्या काठावर ओळखीच्याच शेतात थांबा. जलसंपदा आणि वन, दोन्ही कार्यालयांत आधी विचारून घ्या.

आंभोऱ्याचा भाचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मामेभाऊ काठाकाठानं मोटारसायकलवर राहील आणि मुक्कामाच्या शेतात संध्याकाळी तणस टाकून ठेवेल, असं ठरलं. पाण्यावर मी एकटाच.

सिस्टर, शेगडीचा विचार होता. सोडला.

पवनीच्या दादा, काल आईला विचारलं. ती म्हणाली, चिंच विहिरीच्या उगवतीला, वाड्याच्या मागच्या दारातून सोळा पावलं. विहीर दगडी, मोट दोन बाजूंनी चालायची. दोन मोटांच्या विहिरीवर जाळं अडकतं, अशी जागा तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवते का? पुढच्या रविवारी पवनीला येतो.